वाऱ्याच्या पाठीवर गेलेला नवरा

तुच्छता हीसुद्धा एक कला आहे, आणि ओलात्सारच्या खोऱ्यात ही कला उर्कुलूच्या सेरापियाइतकी कुणालाच साधली नाही. त्यासाठी तिला तोंड उघडावं लागत नसे. डावी भुवई जराशी वर, खालचा ओठ जरासा पुढे, की समोरचा माणूस, मग तो दूध गोळा करणारा असो की नवा पाद्री, आपल्या सदऱ्याची बटणं नीट लागलीत ना हे चाचपून बघायला लागे. आणि तोंड उघडलंच, तर मग बटणं असून नसून सारखीच.

उर्कुलू हे घर डोंगरावर सगळ्यांत उंच. तिथून खालची सगळी घरं, चर्चचा मनोरा, दारूचा गुत्ता आणि न्हाव्याचं दुकान तिला एका नजरेत दिसे, आणि त्यातलं एकही तिला पसंत नव्हतं. खाली राहणारी माणसं ओलसर असतात, असं तिचं मत होतं. पाद्री फार बोलतो. नवीन ट्रॅक्टर फार ओरडतो. नणंद बिशेंता, जी बेकरीच्या वर दोन खोल्यांत राहायची, ती पावाच्या वासावर जगते आणि तिच्या डोक्यातही पावच भरलाय.

पण सेरापियाचा खरा राग होता तो गाण्यांवर.

आमच्या खोऱ्यातली गाणी तुम्ही ऐकलीत तर तुम्हाला वाटेल इथे बारा महिने रात्रच असते. कुणी प्रेमात पडतो तो रात्री, घर सोडतो तो रात्री, आणि परत येतो तेव्हाही चंद्र ढगाआड. खिडकीशी वारा रडतो. ओढ्याकाठी लामिया, म्हणजे बदकाच्या पायांच्या जलपऱ्या, सोन्याच्या फणीनं केस विंचरत बसलेल्या असतात, आणि अंधाराचा तो काळा धनी, ज्याच्या राज्यात संध्याकाळच्या घंटेनंतर पैज लावून घराबाहेर पडायचं नसतं, तो झाडाआडून बघत असतो. झऱ्यावरून पाणी आणते म्हणून पैजेवर निघालेली पोर गेली ती गेलीच. सकाळी उंबऱ्यावर फक्त घागर. हे गाणं तर गुत्त्यात दर रविवारी दोनदा व्हायचं, आणि दोन्ही वेळा म्हातारे डोळे पुसायचे.

"गाण्यातली रात्र!" सेरापिया म्हणे. "तिला शेण काढावं लागत नाही. तिच्यात गाय अडत नाही. गेली चाळीस वर्षं मी रात्रीची गोठ्यात जातेय, मला कुणी काळा धनी भेटला नाही. भेटला असता तर कंदील धरायला लावला असता. आणि लामिया? फेब्रुवारीत त्या ओढ्यात चादरी धुवून दाखवा म्हणावं, फणी टाकून पळतील."

या बाईनं लग्न कुणाशी करावं? तर मार्त्सेलिनोशी, जो खोऱ्यातला सगळ्यांत मोठा रात्रीचा गवई.

मार्त्सेलिनो म्हणजे नव्वद किलोंचा मऊ माणूस. गाल तांबडे, हात फावड्याएवढे, आणि आवाज असा की गुत्त्यातले पेले थरथरायचे. कुणीही विषय द्यावा, यानं उभं राहून टोपी मागे सारावी आणि जुन्या चालीवर तिथल्या तिथे कडवं रचावं. विषय बटाट्याचा दिला तरी तिसऱ्या ओळीत रात्र पडायची आणि चौथीत वारा सुटायचा. लोक टेबलं बडवायचे. गंमत अशी, की गाण्यात जंगलं तुडवणारा हा रात्रीचा राजा अंधाराला विलक्षण भ्यायचा. स्वयंपाकघरातून गोठ्यात जायचं तरी कंदील हवा, आणि मोठ्यानं गाणं हवं. शेवटी सेरापियाच उठायची. "बस तू," म्हणायची, "काळ्या धन्याला एवढा मोठा घास एकदम गिळवायचा नाही."

घरात मात्र तो गात नसे. त्याचं कारण त्यांच्या लग्नाच्या दिवशीच घडलं होतं. जेवणं आटोपल्यावर रीतीप्रमाणे नवरदेव नवरीवर कडवं रचायला उभा राहिला. पहिली ओळ आली: तुझे डोळे काळे, अमावास्येच्या रात्रीसारखे. सगळे माना डोलावतायत तोच नवरी म्हणाली, "माझे डोळे घारे आहेत." अख्खा मांडव हसला. पाद्री हसला. मार्त्सेलिनोही हसला आणि खाली बसला. दुसरी ओळ कधी आलीच नाही.

चाळीस वर्षांनी ऑक्टोबरातल्या एका दुपारी तो गेला. झाडाच्या शेंड्यावर पाच-सहा सफरचंदं राहिली होती. सेरापिया खाली स्टुलावर बसून लाल घेवडा सोलत होती. शिडीचा एक दांडा बदलायला ती त्याला दोन उन्हाळे सांगत होती. वर जाऊन त्यानं आधी खिशातला पाव आणि चीज काढलं, कारण वर चढण्याचे श्रम झाले होते, आणि घास तोंडात असतानाच तो दांडा तुटला. ऊन असं की डोळे दिपावेत. एक पान हलत नव्हतं. धुराड्याचा धूर सरळ वर चालला होता. सेरापियानं त्याचं डोकं आपल्या हातावर घेतलं. त्यानं तिच्याकडे बघितलं, घास गिळायचा प्रयत्न केला, आणि तो घास तिथेच राहिला. घेवड्याचे दाणे गवतात विखुरले होते, आणि ते तिनं नंतर वेचले. माणूस मेला तरी घेवडा कोंबड्यांना का घालायचा?

जानेवारीच्या शेवटी बिशेंता अर्धा पाव घेऊन चढ चढून आली. ती धापा टाकत होती, आणि पोटात बातमी होती. बातमी असली की बिशेंताला चढ जाणवत नसे, फक्त धापा लागत.

"वहिनी, बसा."

"मी बसलेलीच आहे. तुलाच बसायचंय. बोल."

"सांता आगेदाच्या फेरीची तालीम चाललीय गुत्त्यात. यंदा पुढे कान्दिदो आहे."

"तो न्हावी? त्याचा आवाज वस्तऱ्यासारखा आहे. धार गेलेल्या."

"त्यानं आपल्या मार्त्सेलिनोवर कडवं घेतलंय. दारोदार म्हणणार आहेत. सगळ्या घरी." बिशेंतानं डोळ्यांना रुमाल लावला, आधी एका, मग दुसऱ्या. "इतकं सुंदर आहे हो! माझ्या भावाचं सोनं केलं."

"म्हण."

"मला कुठे गाता येतं?"

"गाऊ नकोस. म्हण."

आणि बिशेंतानं म्हटलं:

*अंधाराला दार नाही, वाऱ्याला नाही घर,*
*दक्षिणेहून हाक आली उर्कुलूच्या वर,*
*ओढ्याकाठी सोनफणी थांबली क्षणभर,*
*मार्त्सेलिनो निघून गेला वाऱ्याच्या पाठीवर.*

सेरापियाची भुवई वर गेली आणि तिथेच राहिली.

"वाऱ्याच्या पाठीवर," ती म्हणाली. "नव्वद किलोंचा माणूस. शवपेटी उचलायला सहा जण लागले आणि त्यातला एक अजून कंबर धरून चालतो. वारा घेऊन गेला म्हणे त्याला!"

"अहो, ते काव्य असतं."

"ती लबाडी असते, बिशेंता. चालीत म्हटली म्हणून तिचं काव्य होत नाही."

पण बिशेंता गेल्यावर सेरापियानं चुलीत लाकूड सारता सारता ते कडवं मनात पुन्हा म्हणून बघितलं. तिला गाण्याविषयी तुच्छता वाटे, पण गाण्याची ताकद तिला पक्की ठाऊक होती. फेब्रुवारीत सांता आगेदाच्या सणाला गाणारी मंडळी घरोघर फिरतात, आणि त्या फेरीत दारोदार म्हटलेलं कडवं या खोऱ्यात मरत नाही. खालच्या गिरणीवाल्याच्या आजोबाला कुणीतरी एकदा कडव्यात पीठचोर म्हटलं. आजोबा गेले, ज्यानं म्हटलं तो गेला, आणि अजूनही त्या घरचं पोर शाळेत निघालं की बाकीची पोरं खिसे घट्ट धरतात. उद्या शेंबडी मुलंसुद्धा हेच म्हणतील: मार्त्सेलिनो रात्री गेला, एकटा गेला, वाऱ्यानं नेला, लामियांनी निरोप दिला. त्या बदकपाय्या बायांना त्या कडव्यात जागा होती. जिच्या हातावर त्याचं डोकं होतं, तिला नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कान्दिदोच्या दुकानात शिरली. ती गावात फारशी उतरत नसे, त्यामुळे तिचं येणं म्हणजे नाटकात राणीनं स्वयंपाकघरात प्रवेश करावा तसं होतं. खुर्चीत सुतार यूलियान बसला होता, गालांना फेस, गळ्याशी वस्तरा. कान्दिदो हा एक किडकिडीत, तेल लावलेला माणूस. स्वतःच्या केसांना तो इतकं जपायचा की वारा सुटला की टोपी दोन्ही हातांनी धरायचा.

"कान्दिदो, माझा नवरा कधी मेला?"

"ऑक्टोबरात, सेरापियाबाई. देव त्याला—"

"महिना नको. सकाळी, दुपारी, रात्री?"

कान्दिदोनं वस्तरा पट्ट्यावर दोनदा फिरवला. "दुपारी."

"आणि वारा किती होता?"

"बाई, गाण्यात कुणी दुपारी मरत नाही."

"तुमच्या गाण्यात कुणी दुपारी जगत तरी असतं का? दिवसभर काय करतात सगळे? झोपतात?"

फेसातून यूलियानचं खुदकन हसू आलं आणि कान्दिदोनं वस्तरा लांब धरला. "हलू नकोस, कान जाईल."

"जाऊ दे कान," सेरापिया म्हणाली. "तुझं गाणं ऐकायचं तर एक कान कमी असलेला बरा. कान्दिदो, तू शेवटचा रात्री घराबाहेर कधी पडलास? चंद्र दिसला की तू खिडकी लावतोस, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. आणि तू रात्रीवर गाणार? ते कडवं काढून टाक."

"नाही काढता येत."

"का? तुझ्या बापानं ठेवलंय?"

कान्दिदोनं काही बोलण्यासाठी तोंड उघडलं, यूलियानकडे बघितलं, आणि यूलियान आरशातल्या स्वतःच्या फेसाकडे बघायला लागला. "ते माझं नाही राहिलं," कान्दिदो शेवटी म्हणाला. "कडवं एकदा पाच माणसांच्या तोंडी बसलं की गावाचं होतं."

"गावाचं! मातीनंतरच्या जेवणाला गाव आलं होतं, हे खरं. दोन मेंढ्या संपवल्या गावानं. पण शिडीखाली गाव नव्हतं. तिथे मी एकटी होते." आणि एवढं बोलून गेल्याचं तिला स्वतःलाच आवडलं नाही, म्हणून जाता जाता ती म्हणाली, "आणि डावा कल्ला उजव्यापेक्षा वर गेलाय. यूलियान, टोपी खाली ओढून घरी जा."

रस्त्यावर आल्यावर तिनं ठरवून टाकलं. फेरी वरच्या घरापासून सुरू होते आणि खाली उतरत येते, कारण रिकाम्या पोटी चढ झेपतो आणि भरल्या पोटी उतार सोपा जातो. म्हणजे पहिलं दार उर्कुलूचं. आणि ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल, तिथे गाण्याआधी टोपी काढून विचारावं लागतं: गाऊ, की प्रार्थना करू? घरधनीण प्रार्थना म्हणाली, की प्रार्थना. ती म्हणेल तितकी. बहुतेक बायका एक 'आमच्या बापा' म्हणवून घेतात, टोपलीत अंडी घालतात आणि मंडळी पुढे जातात. पण तितकीच म्हणावी असा नियम कुठेही नाही. सेरापियानं जपमाळ खुंटीवरून काढली आणि एप्रनला पुसली.

सांता आगेदाच्या संध्याकाळी फेरीतली आठ माणसं काठ्या आपटत वर आली. काठीच्या तालावरच ही गाणी चालतात; वाट दगडी असल्यामुळे ती येतायत हे तिला अर्ध्या डोंगरावरूनच कळत होतं. दार दोन भागांचं, आमच्याकडे असतं तसं. खालचा भाग बंद, वरचा नुसता लोटलेला. ती आत उभी राहिली, हातात माळ, आणि प्रश्नाची वाट बघू लागली.

प्रश्न आलाच नाही.

काठ्या अंगणात गोल जमल्या, तीनदा फरशीवर आपटल्या, आणि कान्दिदोचा तो बोथट आवाज सरळ उठला: *अंधाराला दार नाही...* न विचारता. मृताच्या दारात. त्याला माहीत होतं ही बाई काय उत्तर देणार, म्हणून त्यानं प्रश्नच गिळला. गेल्या शंभर वर्षांत ओलात्सारमध्ये नवरे-बायका पळाल्या, चर्चचं चांदीचं ताट चोरीला गेलं, पण हे कुणी केलं नव्हतं. मागच्या दोघांच्या काठ्या आपोआप थांबल्या. *दक्षिणेहून हाक आली—*

दाराचा वरचा भाग धाडकन उघडला.

"टोप्या काढा!"

आठ टोप्या निघाल्या. कान्दिदोची सगळ्यांत शेवटी, केस न विस्कटता.

"विचारलंस?"

"सेरापियाबाई, मी—"

"विचार."

कान्दिदोनं घसा खाकरला. "गाऊ... की प्रार्थना करू?"

"प्रार्थना," सेरापिया म्हणाली, आणि लग्नाच्या मेजवानीत मांस वाढावं तशा उदारपणे पुढे म्हणाली, "गुडघ्यांवर."

दुपारी पाऊस पडून गेला होता. फरशी थंड होती आणि तिच्यात शेण मुरलेलं होतं. सेरापियानं सुरुवात मार्त्सेलिनोपासून केली नाही. तिनं त्याच्या खापरपणज्यापासून केली.

"उर्कुलूच्या एस्तेबानसाठी, ज्याला खेचरानं लाथ मारली. सकाळी. आमच्या बापा..."

ते म्हणाले. एक 'आमच्या बापा', दहा 'नमो मारिया'.

"त्याची बायको मारिया-क्रूस, जी कुणाला न सांगता झोपेत गेली. पहाटे."

ते म्हणाले.

"त्यांचा मुलगा, तापानं. त्याचा भाऊ, समुद्रात. समुद्रात कधी ते माहीत नाही, म्हणून दोनदा म्हणू."

अंधार पडायला लागला. खालच्या घरांत एकेक दिवा लागला. त्या घरांतून लोक दारात उभे असणार, मक्याच्या भाकऱ्या तव्यावर वाळत असणार, आणि फेरी का उतरत नाही याचं त्यांना नवल वाटत असणार. यूलियान कधी या गुडघ्यावर, कधी त्या गुडघ्यावर.

"काकू," तो कण्हला, "अजून किती मेलेत उर्कुलूमध्ये?"

"घर जुनं आहे."

"सगळ्यांनाच घेणार?"

"तुला कुणाला वगळायचं असेल तर सांग. मी त्याला वर गेल्यावर तुझं नाव कळवीन."

झाडांच्या फांद्यांत काळोख भरला तसा कान्दिदो खांद्यावरून मागे बघू लागला. दर 'नमो मारिया'ला तो अर्ध्या विताने दाराकडे सरकत होता, आणि शेवटी तो जवळजवळ तिच्या उंबऱ्यालाच टेकला. आता फक्त एक नाव उरलं होतं. सेरापियानं माळ घट्ट धरली.

"उर्कुलूच्या मार्त्सेलिनोसाठी. जो सफरचंदाच्या झाडावरून पडला. भर दुपारी, उन्हात, वारा नसताना, तोंडात चीज असताना. म्हणा."

कुणीही म्हणेना.

"म्हणा!"

"नाही म्हणता येत मला तसं," कान्दिदो म्हणाला आणि उठून उभा राहिला. त्याच्या विजारीला शेण लागलं होतं, केसांचा भांग मोडला होता, आणि पहिल्यांदाच तो माणसासारखा दिसत होता. "मी शब्द दिलाय त्याला. सेरापिया, ते कडवं माझं नाही. मला असं कडवं सात जन्मांत जमणार नाही, हे तुलाही माहीत आहे. ते त्याचं आहे."

"कुणाचं?"

"मार्त्सेलिनोचं. स्वतःच्या मरणाचं कडवं त्यानं स्वतः करून ठेवलं होतं. गुत्त्यात दर हिवाळ्यात म्हणून दाखवायचा. म्हणायचा, मी कसाही मरो, खोकल्यानं, पलंगावर, गाईखाली, पहिल्या सांता आगेदाला हे म्हणायचं. दारोदार. उर्कुलूपासून. आणि तुला सांगायचं नाही."

सेरापियानं यूलियानकडे बघितलं. यूलियाननं मान हलवली. तिनं एकेका तोंडाकडे बघितलं, आणि एकेक मान खाली गेली.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना," कान्दिदो म्हणाला.

"बिशेंताला?"

"ती तेवढी गुत्त्यात येत नाही."

"म्हणजे खोऱ्यातल्या प्रत्येक दारुड्याला माझा नवरा कसा मरणार ते ठाऊक होतं, आणि मला नाही." ती हे असं म्हणाली, जसं कुणी उष्ट्या ताटाकडे बघून काहीतरी म्हणतं. पण भुवई वर जात नव्हती. ती वर चढवायला तिला कष्ट पडत होते. "चांगलं आहे. खूप चांगलं. रात्र घातली, वारा घातला, त्या भिजलेल्या बदकांनाही घातलं. आणि मी? चाळीस वर्षं त्याचा कंदील मी धरला. मी कुठे आहे त्या कडव्यात?"

"हे मी त्याला विचारलं होतं," कान्दिदो म्हणाला.

"मग?"

कान्दिदोनं हातातली टोपी गोल फिरवली.

"बोल, नाहीतर पुन्हा एस्तेबानपासून सुरू करते."

"म्हणाला, तिला गाण्यात घालू? ती गाण्यातून बाहेर येऊन माझ्या कानाखाली मारेल."

कुणीतरी खोकलं. यूलियाननं जीभ चावली. सेरापिया दारात उभी होती, अर्धी उजेडात, अर्धी काळोखात, आणि तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय हे त्या आठ जणांपैकी कुणालाच पुढे कधी नीट सांगता आलं नाही.

"गाढव," ती शेवटी म्हणाली. हलक्या आवाजात, त्या आठांपैकी कुणालाच उद्देशून नाही. "मारलीच असती."

मग तिनं पुन्हा माळ धरली. "प्रार्थना अर्धी सोडायची नाही. मार्त्सेलिनोसाठी. कसा गेला ते मी माझ्यापाशी म्हणते, तुम्ही तुमच्यापाशी काय म्हणायचं ते म्हणा. आमच्या बापा..."

या वेळी ते म्हणाले, आणि जरा चांगलंच म्हणाले.

तिनं अंडी आणली, एक सॉसेजची माळ आणली, आणि टोपलीत ठेवली. कान्दिदोनं टोपी डोक्यावर चढवली. "मग... खाली जाऊन..."

"गा," सेरापिया म्हणाली. "त्याला हवं होतं ना, मग गा. या अंगणात नाही. इथे तो दुपारी गेला. पण खालच्या घरांना काय फरक पडतो, त्यांना खरं काय ते कधी कळलंय! आणि सावकाश गा. तू घाईघाईनं गातोस, कुणीतरी पाठीशी लागल्यासारखा. तिसऱ्या ओळीत तर तुझा आवाज चोरासारखा पळतो."

"तिसऱ्या ओळीत ओढा आहे ना, म्हणून—"

"ओढा तिथेच थांबणार आहे. तूही थांब."

ते निघाले. दहा पावलांवर काळी वाट झाडांत शिरत होती, आणि तिथे कान्दिदोचा पाय अडखळला. यूलियानचा कंदील कमी तेलाचा होता. आठ धट्टीकट्टी माणसं जंगलाच्या तोंडाशी उभी राहिली, प्रत्येक जण दुसऱ्याला "तू पुढे हो" म्हणत.

मागून खडावांचा आवाज आला. सेरापियानं काळी शाल गुंडाळली होती आणि हातात गोठ्यातला मोठा कंदील होता.

"सेरापियाबाई," कान्दिदो दचकला, "तुम्ही? विधवा बाई, वर्षाच्या आत, फेरीबरोबर? लोक काय म्हणतील?"

"तू न विचारता मृताच्या दारात गायलास. आज संध्याकाळी लोकांकडे बोलायला दुसरं पुष्कळ आहे." तिनं त्याला बाजूला सारलं आणि पुढे झाली. "त्यानं मला गाण्यात घेतलं नाही. ठीक आहे. मला तरी कुठे जायचंय त्या ओलाव्यात? पण गाणं होईल तेव्हा मी त्याच्या शेजारी उभी राहीन. ज्याला ते ऐकायचंय, त्याला माझ्याकडे बघूनच ऐकावं लागेल."

पुढचं घर इरियार्ते. तिथली दोमिनिका केव्हाची दारात खोळंबली होती. मंडळी गोल उभी राहिली, आणि त्या गोलाच्या मधोमध कंदील पायाशी ठेवून सेरापिया, हाताची घडी, भुवई वर. काठ्या आपटल्या. कान्दिदो गायला, आणि सावकाश गायला, कारण त्या नजरेसमोर त्याची घाई करायची छाती नव्हती. रात्र आली, वारा आला, ओढ्याकाठी सोनफणी थांबली, आणि मार्त्सेलिनो निघून गेला. दोमिनिकाचे डोळे भरले. पण ते पुसावेत तर समोर ही बाई, दगडासारखी. कुठे बघावं हे त्या बिचारीला कळेना.

शेवटची काठी फरशीवर पडली आणि सगळं शांत झालं. सेरापियानं घसा साफ केला.

"दुपारी गेला," ती म्हणाली. "माझ्या हातावर. आता यांची अंडी आण, दोमिनिका, अजून अकरा घरं राहिलीत, आणि प्रत्येक ठिकाणी मला हे सांगायचं आहे."